गुरू केलास का?

आमच्या लातूर-नांदेडकडं माणूस पन्नाशीला टेकला, की नातेवाइकांत एक प्रश्न हमखास निघतो: ‘गुरू केलास का?’ नाही म्हटलं की एखादी आत्या ‘निगुरा’ म्हणून मोकळी होते. लिंगायत घरांत हा प्रश्न फारसा उरत नाही. अष्टावरणांत पहिलं नावच गुरूचं. बाकीच्यांना मात्र तो छळतो. मलाही छळतो.

दत्ताच्या माहूरगडाकडं पाहिलं की वाटतं, कशाला हवी दीक्षाबिक्षा? भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरा त्यालाच दत्तात्रेय मानते. त्या यादीत पृथ्वी आहे, अजगर आहे, पिंगळा वेश्या आहे, साळी कांडताना आवाज होऊ नये म्हणून हातातल्या बांगड्या कमी करत जाणारी एक पोर आहे. त्या पोरीला आपण कुणाचे गुरू झालो याचा पत्ताही नसणार.

पण मग तेरची गोष्ट आडवी येते. तेर लातूरच्या पश्चिमेला, धाराशिव जिल्ह्यात. कथा अशी, की गोरोबाकाकांच्या घरी संत जमले असता मुक्ताबाईनं मडकी घडवायच्या थापटण्याकडं बोट दाखवून विचारलं, हे काय? काकांनी ते उचललं आणि मडकं पारखावं तसं एकेकाच्या डोक्यावर हाणत गेले. बाकीचे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले. ज्याच्याशी विठ्ठल बोलतो, त्याच्या डोक्यात थापटणं! निकाल लागला: कच्चं.

पुढं नामदेवांना औंढ्या नागनाथाला गुरू विसोबा खेचर भेटले, ते पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले, तर विसोबा म्हणाले, देव नसेल तिथं माझे पाय ठेव. पाय ठेवावेत तिथं पिंडी उगवली. सगळी गुरुकिल्ली एवढीच. ना वर्गणी, ना वार्षिक मेळावा.

मला या कथेत विसोबांपेक्षा गोरोबांचं काम मोठं वाटतं. देव भेटूनही अहंकार राहतो, आणि तो ज्याचा त्याला दिसत नाही. अजगर किंवा पृथ्वी तो दाखवेलच असं नाही. त्यासाठी तोंडावर बोलणारं माणूस लागतं. ते दीक्षा देणारंच हवं, असं मात्र कुठं आहे? तुकोबांना बाबाजींचा उपदेश स्वप्नात झाला. वारकरी माळ घालतो, तेव्हा जाणता वारकरी ती ज्ञानेश्वरीवर ठेवून गळ्यात घालतो. नित्य हरिपाठ, एकादशी आणि वारी एवढी बांधिलकी पुरते.

नांदेडात 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपराच थांबवली आणि ग्रंथाला गुरुपद दिलं. धर्म वेगळा, पण गोदाकाठ आपलाच. त्या गुरू ग्रंथसाहिबात कच्च्या ठरलेल्या नामदेवांची 61 पदं आहेत.

परवा भाचीनं विचारलं, अमुक महाराजांचा अनुग्रह घेऊ का? मी म्हटलं, घे. पण आधी एवढं बघ, की त्या महाराजांच्या डोक्यात थापटणं घालणारं कुणी त्यांच्याजवळ उरलंय का. नसेल, तर माळ घाल, हरिपाठ म्हण आणि अनुग्रहाची घाई करू नकोस.