‘आयदान’ कोणत्या प्रश्नपत्रिकेत?

उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ हे आत्मकथन ‘ग्रंथाली’ने २००३ साली प्रकाशित केले. अध्यापनात हे पुस्तक कधी ‘दलित साहित्य’ या अभ्यासपत्रिकेत, तर कधी ‘स्त्रीवादी साहित्य’ या अभ्यासपत्रिकेत भेटते. पहिल्या ठिकाणी जातीचा अनुभव तपशिलाने शिकवला जातो आणि घरातला संघर्ष ओझरता उरतो. दुसऱ्या ठिकाणी नेमके उलटे घडते. आमच्या मते या विभागणीत पुस्तकाचा कणाच निसटतो.

लेखिकेचा जन्म १९४५ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील फणसवळे गावचा. वडील शिक्षक, मुलांनी शिकलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. लेखिका शाळकरी वयात असतानाच ते गेले आणि आईने बांबूकामावर संसार ओढला. बांबूच्या सुपाटोपल्यांना त्या भागात ‘आयदान’ म्हणतात. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, अशी लेखिकेची धारणा आहे. तिला केवळ अलंकारिक मानणे आम्हांस पटत नाही. विणणे हे कष्टाचे, पोट भरणारे आणि बाजारात ज्याचा भाव पाडून मागितला जातो असे काम. लेखनाला त्या रांगेत बसवताना लेखिका प्रतिभेच्या रूढ कल्पनेलाच हात घालते.

पुस्तकाच्या आरंभी डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराकडे डोंगरवाट तुडवणाऱ्या बायका येतात. लेखिकेने त्यांना दयेचा विषय होऊ दिलेले नाही. ‘कवच’ या कथेतही आंबे विकणाऱ्या आईला गिऱ्हाइके द्व्यर्थी बोलतील, याची धास्ती शाळकरी मुलाला आहे. आईपाशी मात्र तिचे स्वतःचे उत्तर आहे.

‘सहावं बोट’ (१९८८) आणि ‘चौथी भिंत’ (१९९०) या कथासंग्रहांच्या दरम्यान, १९८९ साली, मीनाक्षी मून यांच्यासह लिहिलेला ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ आला. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या वयोवृद्ध स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन तो सिद्ध झाला. सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली १९४२ साली नागपुरात दलित महिला परिषद भरली होती. अशा घटनांमागचे स्त्रियांचे कर्तृत्व या ग्रंथाने पुढे आणले. शीर्षकातील ‘ही’ या अव्ययाकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. त्या ‘ही’चा रोख एकाच दिशेला नाही. दलितांना वगळणाऱ्या इतिहासाला तो जाब विचारतो, आणि पुरुषांपुरत्या सांगितल्या गेलेल्या चळवळीच्या इतिहासालाही.

‘आयदान’मध्ये हाच ‘ही’ घरात शिरतो. लग्नानंतर लेखिका नोकरी करते, पगार पतीच्या हाती देते. तो पगार घराला हवा असतो. पण तिने मराठी घेऊन एम.ए. करणे, सभांना जाणे, लिहिणे खटकू लागते. समतेची भाषा जाणणाऱ्या घरातले हे चित्र आहे, म्हणूनच ते बोचते. पती खलपुरुष म्हणून रंगवलेले नाहीत. प्रेम, अभिमान आणि मत्सर एकाच माणसात कसे नांदतात, हे लेखिका संयमाने दाखवते.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. आधीच ज्या समाजाकडे तुच्छतेने पाहिले जाते, त्याच्या घरातली उणी उघड केल्याने तुच्छता बाळगणाऱ्यांच्या हाती कोलीतच मिळते, असे म्हटले जाते. हे भय निराधार नाही. परंतु मौन पाळायचे तर त्याची किंमत नेहमी बाईनेच मोजायची, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय लेखिकेने बाहेरच्या सत्तेला सूट दिलेली नाही. ‘आयदान’ला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा समारंभातील सरस्वतीपूजनाला आक्षेप घेऊन तिने तो नाकारला. घर आणि सभागृह, दोन्हीकडे मोजमाप एकच.

म्हणून ‘आयदान’ कोणत्याही अभ्यासपत्रिकेत असो, ते ‘आम्हीही इतिहास घडवला’च्या सोबतीने वाचावे, अशी आमची सूचना आहे. एकीच्या ‘मी’मागे किती जणींचे ‘आम्ही’ उभे आहे, हे त्याशिवाय कळत नाही. आणि ते कळले नाही, तर उत्तरपत्रिकेत ‘व्यथा’ आणि ‘वेदना’ एवढेच उरते.