परत घेता न येणारा हुकूम

म्हैसूरला एनसीसीत पोस्टिंग आल्यापासून रविवारची परेड संपली की कॅडेट्सबरोबर उप्पिट आणि गप्पा, हा माझा नेम झाला आहे. परवा खुनाच्या एका बातमीवरून विषय निघाला. एक कॅडेट तावातावाने म्हणाला, "सर, अशांना खटला कशाला? सरळ फासावर लटकवा."

खडकवासल्याला त्याच्या वयाचा असताना मीही हेच म्हणालो असतो. खरं तर पुढेही म्हणतच होतो. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने नाशिक जिल्ह्यातल्या २००३ सालच्या प्रकरणात सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. दरोडा, बलात्कार, पाच खून. मेसमध्ये पेपर वाचून "बरं झालं" म्हणणाऱ्यांत मी होतो. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष सोडलं. भटक्या जमातीतले मजूर होते ते. हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चार जण ओळखले होते, पण तो धागा कुणी धरलाच नव्हता. राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. ते सहा जण जिवंत होते म्हणून घ्यायला उरले.

कॅडेटला मी इथलीच गोष्ट सांगितली. शेजारच्या कोडगू जिल्ह्यातल्या एका माणसाने बायको हरवल्याची तक्रार दिली. म्हैसूर जिल्ह्यात एक सांगाडा सापडला, तो तिचाच ठरवला गेला आणि तक्रार देणाराच खुनी ठरला. सुमारे दीड वर्ष तो तुरुंगात होता. १ एप्रिल २०२५ ला ती बायको मडिकेरीच्या एका हॉटेलात जिवंत दिसली! म्हैसूरच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं आणि १ लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

"मग तो सांगाडा कुणाचा, सर?"

बरोबर प्रश्न विचारला पोराने. चुकीचा माणूस धरला की अन्याय दोघांवर होतो. मेलेल्याचा विचार करणंही थांबतं.

मी स्वतः एकदा एका कोर्ट मार्शलवर सदस्य होतो. आपल्याकडे मत देताना सर्वांत कनिष्ठ सदस्याने आधी बोलायचं असतं, म्हणजे वरिष्ठांचं दडपण येत नाही. कनिष्ठ मीच होतो. रेशन स्टोअरच्या तुटीचा मामला, आरोपी एक हवालदार. मी ठामपणे "दोषी" म्हणालो. शिक्षा कायम करणाऱ्या अधिकाऱ्यांनी फेरविचारासाठी प्रकरण परत पाठवलं, जास्तीचा पुरावा घ्यायला सांगितलं, आणि एका जुन्या व्हाउचरने हिशोब जुळला. हवालदार सुटला. जाताना त्याने मला कडक सॅल्यूट ठोकला. मला त्याच्या डोळ्यांत बघवलं नाही. मी खोटं बोललो नव्हतो. मला खात्री होती. खात्री असणं आणि बरोबर असणं यात केवढं अंतर असतं, ते तेव्हा कळलं.

एका मुलीने विचारलं, "पण सर, नरसंहार करणाऱ्यांनाही फाशी नको?" तिला रवांडाचं सांगितलं. १९९४ मध्ये तिथे शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत आपले जवानही तिथे गेले होते. १९९८ मध्ये रवांडाने २२ दोषींना लोकांसमोर गोळ्या घातल्या. त्याच देशाने २००७ मध्ये मृत्युदंड रद्द केला. सूड घ्यायचा हक्क त्यांच्याहून जास्त कुणाला असणार?

मी सैनिक आहे, अहिंसेवर प्रवचन देणार नाही. चकमकीत समोरच्याच्या हातात शस्त्र असतं आणि आपल्याकडे वेळ नसतो. फाशीच्या कोठडीतल्या माणसाच्या हातात काहीच नसतं आणि सरकारकडे वेळच वेळ असतो. गुन्हेगाराला मरेपर्यंत आत ठेवा, माझी हरकत नाही. पण चूक निघाली तर दार उघडता आलं पाहिजे.

उप्पिट गार झालं होतं. कॅडेट पटला असं म्हणणार नाही. निघताना एवढंच म्हणाला, "त्या हवालदारांशी पुन्हा बोललात का, सर?"

नाही बोललो. बोलायला हवं होतं.