दिगूचे हसू

आम्हां कादंबरी लिहिणाऱ्यांचे एक बरे असते. एखाद्या पात्राला फार कळू लागले आणि त्या कळण्याचे ओझे त्याला पेलेनासे झाले, की आम्ही त्याला वेडे करतो आणि कादंबरी संपवतो. खऱ्या माणसाला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दूध आणायला जावे लागते.

'सिंहासन' चित्रपटातला दिगू टिपणीस आठवा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली तो काढला. निळू फुल्यांचा दिगू हा राजकीय बातमीदार. सत्तेचा सारा खेळ त्याला ठाऊक, आणि शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. अलीकडे राज्यात कुठे उलथापालथ झाली, की कुणी ना कुणी म्हणतोच, "आपला सगळ्यांचा दिगू झाला!" मला हे म्हणणे जरा सोयीचे वाटते. वेड्याकडून पुढे कोणी काही मागत नाही.

दादरच्या दिनू रणदिव्यांनी ही सोय घेतली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी 'संयुक्त महाराष्ट्र पत्रिका' चालवली. १९६२ साली 'महाराष्ट्र टाइम्स' निघाला, तेव्हापासून १९८५ पर्यंत तिथे बातमीदारी केली. जून २०२० मध्ये, नव्वदी कधीच ओलांडल्यावर, ते गेले. इतकी वर्षे हे शहर आतून पाहिले आणि तरी शहाणेच राहिले!

असे राहायला काय लागत असेल? लोकांना वाटते, अंधाऱ्या जिन्यात भेटणारा कुणी खबऱ्या. माझ्या मॅट्रिकच्या अकलेला वाटते, शब्द न् शब्द वाचण्याची मास्तरी खोड.

परळ-लालबागच्या गिरण्यांचेच पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि भोंगे थांबले. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीची जमीन विकासाला काढली, तर ढोबळमानाने तिचे तीन वाटे: एक मैदाने-बागांना, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटे राहिले, पण ते फक्त 'मोकळ्या' जमिनीचे. आता गिरणीच्या आवारात इमारती आणि शेडच जास्त. मोकळे ते कितीसे असणार? २००६ साली सर्वोच्च न्यायालयातही हा बदल टिकला.

विशेषण नामाबद्दल अधिक माहिती सांगते, असे मी वर्गात शिकवतो. इथे विशेषणाने नामच खाल्ले!

बातमीने पुष्कळदा काहीच थांबत नाही. मंत्री पडत नाही, मैदान परत मिळत नाही. पण तो शब्द कोणत्या साली, कुठे घुसला, हे छापून राहते. काही झालेच नाही, असे मग कुणाला म्हणता येत नाही.

लालबागच्या चाळीतला माझा एक विद्यार्थी बातमीदार व्हायचे म्हणतो. त्याचे वडील माझ्याकडे आले होते, "मास्तर, त्याला जरा समजवा." मी त्याला दिगूची गोष्ट सांगितली नाही. ५८ वा नियम दिला, जुना आणि नवा, आणि म्हटले, "फरक शोध."

तो अजून वाचतो आहे.