बिडकीनहून नाथसागराकडे

बिडकीन सोडून पैठणच्या रस्त्याला लागले की औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते मागे पडतात. मग ढोरकीन, पिंपळवाडी आणि समोर जायकवाडीची सुमारे 10 किलोमीटर लांब भिंत. लालबहादूर शास्त्रींनी 1965 साली पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. उन्हाळाभर टँकरची वाट पाहणाऱ्या आम्हा मराठवाड्याच्या लोकांच्या तोंडून एवढे पाणी पाहून ‘सुब्हानल्लाह’ आपसूक निघते.

या पाण्याखाली जुनी गावे आहेत. त्यांच्या पडक्या भिंतींत, झाडांच्या बुंध्यांत मासेमारांची जाळी अडकतात. जाळे महागाचे, सोडून कसे देणार? मग एखादा पोरगा भराभर चार-सहा श्वास घेतो आणि बुडी मारतो. ना कंबरेला दोर, ना वर लक्ष ठेवणारा माणूस. हे भराभर श्वास घेणेच घातक. त्याने छातीत जास्त हवा साठत नाही; फक्त श्वास घ्यायची ओढ उशिरा लागते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो.

आता राज्यातल्या जलाशयांत पिंजऱ्यातली मत्स्यशेती येते आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत तिला 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान आहे. पण पिंजरा आला की त्याचे जाळे तपासणे, फाटलेले शिवणे, तळाचे मेलेले मासे काढणे आले. नॉर्वे, स्कॉटलंडमध्ये या कामाला पगारी पाणबुडे असतात.

तिथली शिस्त पाहण्यासारखी आहे. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. नळीतून वा टाकीतून हवा घेणाऱ्याच्या रक्तात त्या दाबाने नायट्रोजन विरघळतो. तो घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होतात, सांधे ठणकतात, कधी अंग लुळे पडते. एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात सारखे खाली-वर करणे तर फारच वाईट. म्हणून वर एक प्रमुख घड्याळ आणि वही घेऊन असतो: कोण किती खोल गेला, किती वेळ राहिला, आज कितवी बुडी. दुसरा दोर सांभाळतो. तिसरा पोशाख चढवून तयार, गरज पडली तरच उतरणारा. प्रमुखाने ‘आज नाही’ म्हटले की मालकाचेही चालत नाही.

ही रीत आपल्याला परकी नाही. तेल निघण्यापूर्वी कुवेत-बहरीनचे लोक मोत्यांवर जगत. बुडी मारणारा तो ‘गैस’ आणि नावेवर त्याचा दोर धरणारा ‘सैब’. दोराला हिसका बसला की सैब त्याला वर ओढी. मोत्यातला वाटा दोघांनाही मिळे. गैसला जास्त, सैबला कमी, पण मिळेच.

नाथसागरावर सैबला वाटा कोण देणार? दोन माणसे पाठवली की मजुरी दुप्पट, आणि मासळीचा भाव तोच. संस्थेने पिंजऱ्याच्या खर्चात दोर धरणाऱ्याची मजुरी आधीच लिहिली तर जमेल. आपल्या घरचा मुलगा अशा कामाला निघाला असेल, तर पगार विचारण्याआधी वर कोण उभा राहणार ते विचारा, आणि त्या माणसाला एकदा भेटून या.