सरासरीचं काय घेऊन बसलात?

जुन्या मिलिंग मशीनला पीसीवरून चालवणारं लिनक्ससीएनसी बसवायचं ठरलं, की गिऱ्हाईक पहिलं विचारतं, "पीसी किती गिगाहर्ट्झचा घेऊ?" मी म्हणतो, आधी मिळेल तो चाचणीपुरता मागून आणा.

आणला, की त्यावर लिनक्ससीएनसीची लेटन्सी-टेस्ट लावायची आणि यंत्राचा छळ सुरू करायचा. ग्लक्सगिअर्सच्या चार-पाच खिडक्या, एखादी अवजड फाइल कॉपीला, ब्राउझरमध्ये व्हिडिओ, मधूनच नेटवर्कची केबल काढ-घाल. सरासरी कायम झकासच दिसते. माझी नजर मात्र 'मॅक्स जिटर'च्या, म्हणजे ठरलेली वेळ जास्तीत जास्त किती चुकली त्या रकान्यावर. हा आकडा नॅनोसेकंदांत असतो. पंधरा-वीस हजारांत राहिला तर उत्तम. सकाळभर गुणी बाळासारखा बसून तो एकदाच 2,00,000 वर गेला, तरी तो पीसी पॅरलल पोर्टच्या कामाला बाद. तिथे स्टेपरचे पल्स देणारा बेस थ्रेड साधारण दर 25 मायक्रोसेकंदांनी धावतो. भर वेगात एक पल्स लांबला की मोटर स्टेप चुकवते आणि खरी जागा मोजणारा एन्कोडर नसेल तर कंट्रोलरला पत्ताही लागत नाही. तो आपला पुढचा जी-कोड वाचतोय, कट मात्र सरकलेला.

या उशिराला पुष्कळदा लिनक्स जबाबदार नसतंच. बायॉसचा सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट प्रोसेसरला परस्पर पळवतो, तिथे लिनक्सला वक्तशीर करणारा कुठलाही पॅच काय करणार? म्हणून मदरबोर्ड तपासल्याशिवाय आरटीएआय की प्रीएम्प्ट-आरटी, या दोन पॅचांच्या वादात मी पडत नाही.

मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये पाओलो मान्तेगात्झांनी घडवलेलं आरटीएआय लिनक्सच्या जोडीला छोटा कर्नल बसवतं. इंटरप्ट आधी त्याच्याकडे, उरलेला वेळ लिनक्सला. जिटर फार कमी, पण कर्नल बदलला की पॅच जुळवत बसा. फिलिप जेरूम यांच्या झेनोमायचाही घाट साधारण असाच. प्रीएम्प्ट-आरटी लिनक्सलाच वळण लावतं: इंटरप्टची कामं थ्रेडमध्ये टाकतं, बहुतेक स्पिनलॉक झोपू शकणारे करतं. इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्स्नर वगैरेंचं हे काम जवळपास वीस वर्षं बाहेर पॅच म्हणूनच राहिलं. मुख्य कर्नलमध्ये पूर्ण आलं ते नोव्हेंबर 2024 च्या 6.12 मध्ये. शेवटी अडून बसलं होतं कोण, तर मेसेज छापणारं प्रिंटके!

पॅरलल पोर्टचा जुना पीसी हाताशी असेल, तर मी अजूनही आरटीएआय घालतो. नव्या कामात पल्स पीसीकडून घेतच नाही. ते मेसा कंपनीचं एफपीजीए कार्ड देतं. पीसीला उरतो 1 मिलिसेकंदाचा सर्वो थ्रेड, त्याला प्रीएम्प्ट-आरटी आरामात पुरतं. कार्डाची किंमत ऐकून गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "पण पॅच तर फुकट आहे ना?" आहे की. पण उद्या मदरबोर्ड जळला, तर कार्डाला दुकानातला बहुतेक कुठलाही पीसी चालेल आणि कार्ड नसेल तर जुन्या बाजारात पॅरलल पोर्टवाला बोर्ड शोधत हिंडावं लागेल, मशीन बंद ठेवून.