गुलमर्गला जाताना

लेकीचा हट्ट होता, स्कीइंग शिकायचंच. म्हणून फेब्रुवारीत गुलमर्ग गाठलं. जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या. गोंडोलाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. आतून सुती कपडे नकोत. घामाने भिजले की अंग गारठतं. स्कीचे बूट टाचेला घट्ट हवेत आणि मोजा एकच, पातळ लोकरीचा. मी दोन जाड मोजे चढवले आणि तासाभरात पाय बधिर झाले. पडायची वेळ आलीच, तर कुशीवर पडा.

माझी मोठी चूक मात्र वेगळीच. शिकवणाऱ्या चाचांशी मी तीनशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस केली. शेवटी ते कबूल झाले. दुपारी लेकीची बोटं गारठली, ती रडू लागली. चाचांनी आपले हातमोजे काढून तिला घातले आणि उघड्या हातांनी तिला उतारावरून खाली आणलं.

मग बोलणं निघालं. 2024चा जानेवारी बराचसा बर्फाविना गेला होता. बर्फ नाही म्हणजे काम नाही, आणि त्यांचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. मी निमूटपणे तीनशे रुपये पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "बात हो गई थी, भाईजान."

दर आधी विचारून घ्या, पटला तर हो म्हणा. पण बर्फात उभ्या माणसाचा भाव पाडू नका.