तिला विचारून आणा

चि. सोनूस,


तुमच्या फिंचच्या जोडीतला नर गेल्याचं तुझ्या पत्रात वाचून वाईट वाटलंच, पण त्याखालच्या ओळीनं जास्त अस्वस्थ झाले. शनिवारी दुबईतल्या अल वर्सानच्या पक्षीबाजारातून दुसरा नर आणून पिंजऱ्यात सोडायचा, म्हणजे मादीला कळणारही नाही! अगं, कळतं तिला. झेब्रा फिंच जोडीदाराला आवाजावरून ओळखतात. नर लहानपणी बापाचं ऐकून गाणं शिकतो आणि पुढे जन्मभर तेच गातो. तीच लालभडक चोच, तेच नारिंगी गाल असले तरी दोन नरांचं गाणं एक नसतं. २००३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जमलेल्या जोड्या वेगळ्या करून पक्ष्यांचं रक्त तपासलं, तेव्हा ताणाचं संप्रेरक वाढलेलं दिसलं. आपला जोडीदार परत मिळाल्यावर ते उतरलं, दुसरा दिल्यावर उतरलं नाही.

मग एकटीच राहू दे, आरसा टांगू, असं म्हणू नकोस. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवर थव्यानं राहणारा हा पक्षी दिवसभर हाकेला ओ मागतो. आरसा ओ देत नाही, आणि तुम्ही दोघं संध्याकाळपर्यंत ऑफिसात. तिला सोबत हवीच. माझा आग्रह एवढाच की निवड तिची असावी. जर्मनीत माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माद्यांना घोळक्यातून नर निवडू दिले आणि निम्म्या जोड्या मोडून परक्यांशी लावल्या. २०१५ साली छापलेला निष्कर्ष असा की मनाजोगत्या जोड्यांची ३७ टक्के जास्त पिल्लं जगली. तुला पिल्लं नकोत, ठाऊक आहे. पण अंड्यातले गर्भ मरण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं; लादलेल्या जोड्यांत माद्या नराला टाळत होत्या आणि नर पिल्लांकडे कमी बघत होते. म्हणजे बिघडलं ते नातं, आणि नातं तर तुझ्या पिंजऱ्यातही असणार.

तेव्हा विकणाऱ्याशी आधी बोलून दोन नर आणा, नापसंत ठरेल तो परत घेण्याच्या बोलीवर. खर्च वाढेल, जावईबापू कुरकुरतील, कुरकुरू देत. परत जाणारा मात्र थव्यातच गेला पाहिजे. एकीचं एकटेपण मिटवताना दुसऱ्याच्या गळ्यात ते बांधायचं नाही. थव्यात राहणारा कोणताही पक्षी पिंजऱ्यात एकटा ठेवू नये, हे मी तुम्हा सगळ्यांना किती वर्षं सांगतेय! महिनाभर नवे पक्षी वेगळ्या खोलीत ठेवा, कारण श्वासनलिकेतले बारीक किडे वरून दिसत नाहीत. चोच उघडी टाकून श्वास घेताना टिकटिक ऐकू आली तर लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. मग पिंजरे शेजारी लावा. ती कुणाच्या बाजूच्या दांडीवर बसते, कुणाच्या हाकेला ओ देते, ते बघा. राळे आणि समुद्रफेस दोन्हीकडे सारखे असू देत, नाहीतर ती खाण्यापायी सरकेल आणि तुम्ही त्याला पसंती समजाल.

पण सोनू, पहिला गेला कशानं, ते तू लिहिलंच नाहीस. तिकडे उन्हाळाभर खिडक्या बंद, एसी चालू आणि स्वयंपाकघर हॉलला लागून. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याची वाफ एवढ्याशा पक्ष्याला काही मिनिटांत मारते; माणसाला वासही येत नाही. कारण घरातच असेल तर येणाराही जाईल, आणि तीही. पिंजरा हॉलमधून आजच्या आज आतल्या खोलीत ने, उदबत्ती तिथे लावू नकोस, तवा लोखंडी वापर, आणि नर आणण्याआधी मला फोन कर.

तुझी आत्या